विनोदी गाण्यांच्या जुन्या तबकड्या: आधी फेरे जुळवा

बेळगाव कॅम्पात किंवा खानापूरकडच्या एखाद्या माळ्यावर लंडनच्या म्युझिक हॉलमधल्या (म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या थिएटरातल्या) विनोदी गाण्याची तबकडी सापडली, तर ती लगेच लावू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात खाचांत बुरशी धरते. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब टाकून मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवा. लेबल कोरडं ठेवा आणि तबकडी सावलीत उभी वाळवा. स्पिरिट अजिबात लावू नका, त्यात तबकडीची लाख विरघळते.

एलपीची सुई इथे चालत नाही. ती जेमतेम ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते, म्हणून खाचेच्या तळाशी बसून नुसती खरखर उचलते. ३ मिलची सुई घ्या. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवणार असाल तर दर बाजूला नवी पोलादी सुई लावा.

खरी गोम गतीत आहे. १९२५ च्या आधीच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्याच असतात असं नाही, ७० च्या आसपासच्याही सापडतात. ७३-७४ फेऱ्यांची तबकडी ७८ वर लावली की आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. गायक चिरकतो, मधलं बोलणं घाईचं होतं, आणि हसू शब्दांमुळे आलं की वेगामुळे, हे कळत नाही. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ पट्ट्यांची स्ट्रोब चकती (गती तपासायला तबकडीवर ठेवायची पट्ट्यांची चकती) साध्या बल्बखाली स्थिर दिसली, की गती ७७.९२ असते. ७२ च्या जवळ यायला ८३ पट्ट्या लागतात. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे जमत नाही. हार्मोनियमशी पट्टी ताडून बघा, पण तिकडच्या बँडची पट्टी तेव्हा आजच्यापेक्षा चढी असायची. त्यामुळे शेवटचा निवाडा बोलण्याच्या सहजतेवरच करा.

एवढं झाल्यावरच या गाण्यांतून समाज वाचावा. थकलेलं भाडं, घरमालक, सावकाराकडे गहाण पडलेले कपडे, हे विषय लंडनच्या कष्टकरी वस्त्यांतून आले. पण डॅन लेनोसारखा म्युझिक हॉलचा विनोदी नट १९०१ ते १९०३ या काळात ध्वनिमुद्रण-यंत्राच्या कर्ण्यात तोंड घालून गायला, तेव्हा समोर प्रेक्षक नव्हते आणि हाताशी मिनिटं जेमतेम तीन. म्युझिक हॉलची गायिका मारी लॉइडला १९१२ च्या राजदरबारी प्रयोगातून वगळलं गेलं. तिची गाणी नुसती ऐकली तर त्याचं कारण उमगत नाही, कारण द्व्यर्थ शब्दांत कमी आणि नजरेत जास्त होता. चिकोडी-निपाणीकडे लावणीची अदा पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला ध्वनिमुद्रण केलं, तेही अशाच कर्ण्याच्या यंत्रावर. म्हणून इथल्या सुरुवातीच्या तबकड्यांनाही हेच लागू होतं: सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी तीन मिनिटांत मावत नाही. इंग्रजी गाण्याची छापील स्वरलिपी मिळाली तर जरूर शेजारी ठेवा. तबकडीवरून गाळलेली कडवी त्यात सापडू शकतात.