विमा कंपनीचा व्हिडिओ

विमा कंपनीच्या वकिलांनी व्हिडिओ लावायची परवानगी मागितली, तेव्हा माझ्या अशील बाई शांत होत्या. तो येणार हे त्यांना ठाऊक होतं. प्रत आम्हाला आधीच मिळाली होती. दीर्घकाळच्या दुखण्याचा दावा मोठ्या रकमेचा असला की पाळत ठेवली जाते, हे आमच्या वकिलीत नवं नाही.

अपघात साधाच म्हणावा असा होता. गाडीची धडक, उजव्या मनगटाचं हाड मोडलेलं, प्लास्टर. हाड जुळलं, एक्स-रे स्वच्छ आला, पण हाताची आग काही थांबेना. कधी लालबुंद आणि गरम, कधी निळसर आणि गार. बोटं आखडलेली, पंख्याचा वारासुद्धा सोसेना. निदान झालं कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, म्हणजे सीआरपीएस. नाव अलीकडचं असलं तरी दुखणं जुनं आहे. अमेरिकन यादवी युद्धात गोळी लागलेल्या सैनिकांच्या अशाच जळत्या वेदनांवर सायलस वीअर मिचेल या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांसह १८६४ साली लिहून ठेवलं आहे.

कंपनीचं म्हणणं मात्र सरळ होतं: हाड जुळलं, विषय संपला. प्लास्टर निघाल्या निघाल्या त्यांनी तडजोडीचा कागदही पुढे केला होता. त्यावर सही झाली असती तर पुढच्या उपचारांचा एक पैसा मागता आला नसता. बाईंच्या फिजिओथेरपिस्टने अडवलं, 'ताई, इतक्यात सही नका करू, हा हात मला ठीक वाटत नाहीये.' कायदा न शिकलेल्या माणसाने दिलेला इतका अचूक कायदेशीर सल्ला मी क्वचितच ऐकलाय.

याच फिजिओथेरपिस्टच्या नोंदींवर आमची केस उभी होती. दुखणं मोजायचं यंत्र नाही, त्यामुळे 'खूप दुखतं' एवढ्यावर कोर्टात भागत नाही. सीआरपीएसच्या निदानासाठी बुडापेस्ट निकष वापरतात. त्यात लक्षणांचे चार गट आहेत: संवेदना, त्वचेचा रंग आणि तापमान, सूज आणि घाम, हालचाल आणि त्वचा-नखं-केसांतले बदल. तक्रारी किमान तीन गटांतल्या हव्यात, आणि तपासणाऱ्याला स्वतःला दिसलेल्या खुणा किमान दोन गटांतल्या. शिवाय दुसऱ्या कुठल्या आजाराने या सगळ्याचा उलगडा होत नाही, हेही बघावं लागतं. वकिलाला त्या 'दिसलेल्या खुणा' हव्या असतात. या माणसाने दर भेटीत दोन्ही हातांचं तापमान आणि मनगटाचा घेर तारखेसकट लिहिला होता. अत्यंत रटाळ कागद. मला मात्र ते वाचताना फार बरं वाटलं.

व्हिडिओ सुरू झाला. बाई डाव्या खांद्याला पिशवी लावून चालताहेत, कोणाशी तरी हसून बोलताहेत, मग उजव्या हाताने गाडीचं दार उघडताहेत. तिथे थांबवून वकिलांनी विचारलं, 'वारा न सोसणारा हात तो हाच ना?'

'हो, हाच.'

'मग दार उघडता येतं?'

'येतं. त्या दिवशी उघडलं. रात्री झोप लागली नाही.'

एवढंच. मी अशिलांना एकच सांगतो: जमतं ते जमतं म्हणा, रडू नका, वाढवून सांगू नका. खऱ्या दुखण्याच्या केसेस पडलेल्या मी पाहिल्यात, आणि त्यातल्या बऱ्याचशा 'मला काहीच करता येत नाही' या वाक्यावर पडल्या.

त्यांची उलटतपासणी संपल्यावर फेरतपासणीत, म्हणजे पुन्हा माझी प्रश्न विचारायची पाळी आली तेव्हा, मी तोच व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि बाई समोरून येतात तिथे थांबवला. थंडीचे दिवस. आजूबाजूची माणसं गळ्यापर्यंत गुंडाळलेली. बाईंची डावी बाही मनगटापर्यंत, बटण लावलेली. उजवी कोपराच्या वर दुमडलेली.

'ही बाही अशी का?'

'कापड घासलं की आग होते. थंडी परवडते.'

न्यायाधीश महाराजांनी चित्र मोठं करायला सांगितलं, बघितलं, आणि काहीतरी लिहून घेतलं. कंपनीच्याच तज्ज्ञ डॉक्टरांनी आदल्या तारखेला माझ्या प्रश्नावर कबूल केलं होतं की नुसत्या स्पर्शाने वेदना होणं ही त्या निकषांतली एक खूण आहे. आपण चित्रित होतोय हे ठाऊक नसलेल्या बाईने कॅमेऱ्यासाठी बाही दुमडली, असं म्हणायची सोय आता समोरच्यांना उरली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचे वकील बाहेर गाठून म्हणाले, 'बसूया का?' बसलो. पुढच्या उपचारांचा खर्च आणि बुडालेली मिळकत त्यांनी जवळपास आमच्या हिशेबाने धरली. वेदना आणि यातनांच्या रकमेत मात्र चांगलीच कात्री लावली. मी निकालापर्यंत थांबा म्हणालो. बाई म्हणाल्या, 'वकीलसाहेब, पुन्हा पिंजऱ्यात उभं राहून हात दाखवायचा नाही मला.'

त्यापुढे माझं काय चालणार? तडजोड झाली. वेदनांपोटी धरलेली ती रक्कम मला आजही कमीच वाटते.