गाण्याला तोंड फुटलं तेव्हा

नव्वदच्या दशकात एमटीव्ही, चॅनल व्हीसारख्या संगीत वाहिन्यांवर गाणं सुरू झालं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चार ओळी उमटायच्या. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, अल्बम आणि कॅसेट कंपनी. जेमतेम पाच-सहा सेकंद दिसायच्या आणि जायच्या. गाणं संपताना पुन्हा एकदा यायच्या. त्यामुळे टीव्ही मध्येच लावला आणि गाणं आवडलं, तर शेवटपर्यंत थांबणं आलं. तेवढ्यात कुणी बातम्या लावायला सांगितल्या तर संपलंच. मग दुसऱ्या दिवशी कॅसेटच्या दुकानात उभं राहून दुकानदाराला चाल गुणगुणून दाखवायची आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांची करमणूक करायची.

नावं तशी दूरदर्शनवर सिनेमातली गाणी दाखवणाऱ्या छायागीतातही यायची. पण तिथली गंमत अशी की नाव एकाचं आणि पडद्यावर तोंड दुसऱ्याचं. गाणार किशोर कुमार, ओठ हलवणार राजेश खन्ना, आणि आमच्या घरी गाणं ओळखलं जाणार ते राजेश खन्नाचं म्हणून. लताबाई, आशाबाई, रफी यांचे आवाज रात्रंदिवस कानावर, पण ते गाताना कसे दिसतात हे पाहायची सोय नव्हती. नाही म्हणायला मुंबई दूरदर्शनवर ‘शब्दांच्या पलीकडले’ होतं. त्यात गाणारी माणसं स्वतः दिसायची. पण तिथे गायक बसायचा मैफिलीला बसल्यासारखा, स्टुडिओतल्या रोषणाईत, भिंतीवरच्या घड्याळाकडे अधूनमधून पाहतोय असं वाटावं इतका सावध. गाणारा माणूस गाण्यात राहतोय, त्यात चालतोय, पळतोय, पावसात भिजतोय, हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

हा बदल आमच्याकडे आला गच्चीवरून. १९९१ साली हाँगकाँगहून स्टारची चॅनेलं सुरू झाली, त्यातलं एक एमटीव्ही. डोंबिवलीत तेव्हा एका बिल्डिंगच्या गच्चीवर डिश अँटेनाची तबकडी लागायची आणि तिथून काळी वायर कठड्यांवरून, शेवग्याच्या झाडावरून पुढच्या बिल्डिंगीत जायची. केबलवाल्याचा पोऱ्या पाइपला लोंबकळत ती खेचायचा आणि खालून सगळे ‘दिसलं, दिसलं, गेलं’ असं ओरडायचे. आमच्या टीव्हीला मोजकीच बटणं होती. त्यातलं शेवटचं एमटीव्हीला देण्यावरून घरात जी बोलणी झाली, तेवढी माझ्या मावशीच्या लग्नातही झाली नव्हती. बाबांचा कौल प्राइम स्पोर्ट्सला होता. शेवटी दोन्ही एकाच बटणावर आलटून पालटून लावायची असं ठरलं. म्हणजे टीव्हीच्या पोटातली ती बारीक चक्री नखानं फिरवत बसणं माझ्या वाट्याला आलं.

सुरुवातीची गाणी सगळी परदेशी. नोनी आणि डॅनी मॅकगिल नावाचे व्हीजे, म्हणजे गाण्यांची ओळख करून देणारे निवेदक, येऊन फाडफाड बोलायचे, त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. आजी जपमाळ ओढता ओढता बघायची. केस वाढवलेले बाप्ये गिटारी आपटताना पाहून ती एवढंच म्हणायची, ‘एवढी महागाची वस्तू, मोडेल ना रे.’ घरातल्या मोठ्यांची ही गाण्यांबद्दलची एकमेव गंभीर हरकत असेल असं मला तेव्हा वाटायचं. पुढे तो समज दूर झाला.

१९९४ मध्ये स्टार आणि एमटीव्हीचं फिसकटलं आणि त्याच जागी चॅनल व्ही आलं. माझ्या मते खरी मजा तिथून सुरू झाली. व्हीनं गाण्यांच्या मधल्या जागा भरल्या. काउबॉयचा वेश आणि पिस्तूल असा जामानिमा करून क्विक गन मुरुगन यायचा. जावेद जाफरी इतक्या वेगानं बोलायचा की हसायला उसंत मिळायची नाही. व्हीजे रुबी भाटिया तर कॉलेजातल्या निम्म्या मुलींच्या केशरचनेला जबाबदार होती. १९९६ च्या शेवटी एमटीव्ही भारतासाठी म्हणून वेगळं परतलं आणि तेही हिंदी बोलायला लागलं. त्याच सुमाराला, १ नोव्हेंबरला, मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून गेला, मातोश्रीवरही जाऊन आला. ज्या माणसाला आम्ही फक्त खिडकीएवढ्या काचेत पाहिलं होतं, तो लोकलच्या अंतरावर आला होता. तिकिटाचा दर ऐकून आम्ही काचेतच समाधान मानलं.

पण मला सांगायचं आहे ते तोंडांबद्दल. १९९२ मध्ये बाबा सेहगल ‘ठंडा ठंडा पानी’ घेऊन आला, तेव्हा पहिल्यांदा असं झालं की गाणं त्याचं, आवाज त्याचा आणि नाचणाराही तोच. दिसायला अगदी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्यासारखा. सिनेमात त्याला कुणी हीरोच्या मित्राचंही काम दिलं नसतं. इथे तो हीरो होता, कारण गाणं त्याचं होतं. मग रांगच लागली. हरिहरन आणि लेस्ली लुईस ‘कलोनियल कझिन्स’ म्हणून शेजारी शेजारी आले. शुभा मुद्गल ठसठशीत कुंकू लावून ‘अब के सावन’ गायल्या. शास्त्रीय गाणारी बाई तानपुऱ्यावाचून उभी राहून गातेय, याचा माझ्या काकाला मानसिक धक्का बसला होता. दोन आठवड्यांनी तोच ती कॅसेट घेऊन आला.

या सगळ्यात माझा सर्वांत लाडका किस्सा दलेर मेहंदीचा. त्याची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे, अशी टीका होऊ लागली. तेव्हा गड्यानं १९९८ मध्ये ‘तुनक तुनक तुन’ काढलं, त्यात मुलगी औषधालाही नाही. नुसते चार दलेर, चार रंगांच्या अंगरख्यांत, संगणकावर रंगवलेल्या डोंगरांपुढे. गाणाऱ्याच्या तोंडावर भरवसा ठेवावा तर असा. पुढे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाच्या परदेशी संगणक खेळातल्या राक्षसी देहाच्या पात्रांनाही हाच नाच शिकवला गेला.

आता आमच्या घरातल्या मोठ्यांच्या हरकतींचा प्रश्न कसा सुटला ते सांगतो. ‘मेड इन इंडिया’ आलं १९९५ मध्ये. अलिशा चिनॉय राणी होऊन बसलेली, देशोदेशीचे उमेदवार नापास झालेले, आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतो. आत्या उठून टीव्हीजवळ गेली. ‘सोमण? म्हणजे आपल्यातलाच की!’ पोहण्यातला राष्ट्रीय विजेता आहे हे कळल्यावर तर घरात संगीत वाहिनीला शैक्षणिक दर्जाच मिळाला. तो काही महिने टिकला. त्याच वर्षी बुटांच्या जाहिरातीत सोमण आणि मधु सप्रे फक्त बूट आणि एक अजगर एवढ्यावर उभे राहिले, त्यावरून मुंबईत खटला उभा राहिला, आणि आत्या म्हणाली, ‘आडनावावरून काही कळत नाही हल्ली.’

पडझड सावरली ती लकी अलीनं. ‘ओ सनम’मधली ती इजिप्तची वाळू, तो पडेल आवाज, दाढीचे खुंट. बाबांना हा माणूस आजारी वाटत होता. आजीनं मात्र निरखून पाहिलं आणि म्हणाली, ‘हा मेहमूदचा ना रे?’ होताच तो मेहमूदचा मुलगा. आजीच्या सगळ्या हशांचा धनी मेहमूद, त्यामुळे त्याच्या पोराला घरात कधीही यायची मुभा मिळाली. मी चक्री फिरवत असलो आणि लकी अली दिसला की ती ‘राहू दे तिथेच’ म्हणायची. ते गाणं मी आजही ऐकतो तेव्हा वाळू आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. हे चांगलं की वाईट, याबद्दल माझी माझ्याशीच भांडणं होतात. रेडिओवरच्या गाण्यात मी माझी चित्रं घालत होतो. इथे चित्र तयार मिळत होतं, वर कायमचं चिकटत होतं.

गाणाऱ्यांच्या तोंडांचं हे राज्य मोडलं कशानं? सिनेमावाल्यांना समजलं की आपली गाणी या चॅनेलांवर म्हणजे आयती जाहिरात. त्यांचे व्हिडिओ आधीच तयार, तेही कोटींच्या खर्चात. त्यापुढे दोन लाखांत शूटिंग उरकणारा एकटा गायक कुठे टिकणार? मग २००२ मध्ये ‘काँटा लगा’चं रीमिक्स आलं. मूळ गाणं लताबाईंचं, १९७२ च्या सिनेमातलं. नव्या व्हिडिओतली शेफाली जरीवाला सगळ्या देशाला ठाऊक झाली, पण नव्यानं गायलं कुणी, हे पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कुणालाही विचारा. पुन्हा नाव एकाचं, तोंड दुसऱ्याचं. फिरून छायागीतच, फक्त कपडे कमी. चॅनल व्ही २०१८ मध्ये बंद झालं तेव्हा मी ती बातमी वाचून चहा प्यायलो, एवढंच. माझ्या लेखी ते कधीच बंद झालं होतं.

मराठीला या सगळ्यात उशीर झाला. ‘गारवा’ आम्ही कॅसेटवरच पारायणं करून ऐकलं, सौमित्रच्या शब्दांवर आणि मिलिंद इंगळेच्या आवाजावर, तोंडांची चौकशी न करता. पण अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंतचं ‘ऐका दाजिबा’ आलं आणि मराठी गाणंही टीव्हीवर दणक्यात वाजू लागलं. आमच्या बिल्डिंगीत अभिमानाची लाट आली. ती ओसरायच्या आत बेंजोवाल्यांनी चाल उचलली, आणि त्या मोसमापासून दाजिबा हळदीत, वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत घुमायला लागला. तिथे गाणारं कोण हे कुणी विचारत नाही, आणि नाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना स्वतःचं नाव आठवायचीही मारामार असते.