मल्लखांबाचा दिवा : एरंडेल अखेर निघाले

जुन्या मल्लखांबाच्या बोंडाभोवती, म्हणजे त्याच्या माथ्यावरच्या गोल भागाभोवती, रात्रभर गुंडाळून ठेवलेला टिश्यू पेपर आज सकाळी कोरा निघाला. मागची नोंद वाचलेल्यांना या वाक्याचे मोल कळेल, कारण तेव्हा तोच कागद तासाभरात तेलकट होऊन आरपार दिसू लागत होता आणि दिव्याचा नाद सोडून आमच्या मल्लखांबाच्या सरांना सरळ शाल-श्रीफळ द्यावे, असा विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

बेत कायम आहे. जमिनीलगत तडकल्यामुळे आखाड्यातून काढून टाकलेल्या सागवानी खांबाचे बोंड, मान आणि मानेखालचे दीड फूट अंग एवढा भाग वापरून टेबलावरचा दिवा करायचा आणि आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी तो गुरुपौर्णिमेला सरांना द्यायचा. सरांच्या दिवाणखान्यात शिवाजी पार्कवर २०१९ साली झालेल्या पहिल्या जागतिक मल्लखांब स्पर्धेचे छायाचित्र आहे. त्याच्याच खाली तो ठेवला जाईल.

अडचण एरंडेलाची होती. अंग खांबावर घासून सोलवटू नये म्हणून मल्लखांबाला पिढ्यान्‌पिढ्या एरंडेल चोळले जाते आणि ते जवसाच्या तेलासारखे हवेत वाळून घट्ट होत नाही. वर्षानुवर्षे मुरलेले हे तेल लाकडात ओलेच राहते. त्यावर कोणतेही पॉलिश धरत नाही, आणि पॉलिश न करता दिवा तसाच ठेवला तर टेबलावरच्या कापडाला डाग पडतो. चार-पाच मिलिमीटर रंधून काढले की प्रश्न संपतो, असे बहुतेकांनी सुचवले. त्या सूचनेला माझा विरोध होता आणि आजही आहे. तारेसाठी भोक पाडताना गिरमिटाने बाहेर आलेला आतला भुसा कोरडा आणि सोनेरी होता, म्हणजे तेल बाजूंनी फारसे आत शिरलेले नाही, हे खरे आहे. पण असंख्य हातांनी आणि मांड्यांनी काळाभोर, गुळगुळीत केलेला पृष्ठभागही तेवढ्याच जाडीचा आहे. तो गेला तर उरेल तो निव्वळ पलंगाचा खूर.

तेलकट लाकूड पुसायला आपण सवयीने टर्पेंटाइनच्या नावाने मिळणारे खनिज थिनर वापरतो. इतर तेलांना ते चालते, एरंडेलाला जवळजवळ चालत नाही. एरंडेलातील सुमारे नव्वद टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. त्यातील हायड्रॉक्सिल गटामुळे (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या अणूंच्या जोडीमुळे) हे तेल पेट्रोलियमपासून काढलेल्या द्रावकांशी फटकून वागते आणि अल्कोहोलमध्ये मात्र सहज मिसळते. हे कळल्यावर दिशा सापडली. तरीही नुसते स्पिरिटने पुसून भागले नाही, कारण वरचे तेल निघाले की खालचे हळूहळू वर येई. चपडा लाखेचा पातळ हात देऊन तेल आत कोंडावे, हा आपल्या लाकूडकाम करणाऱ्यांचा आवडता उपाय येथे उलटा पडतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळलेली असते, त्याच स्पिरिटमध्ये एरंडेलही मिसळते, आणि लाखेच्या थराला लवचीकपणा यावा म्हणून तर एरंडेल मुद्दाम घालतात. तुकड्यावर घेतलेल्या चाचणीत थर बोटाला चिकटत राहिला, तो त्यामुळेच.

शेवटी कामी आली ती मुलतानी माती. ती चाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थालीपिठाच्या पिठाइतकी घट्ट भिजवली, बोंडापासून खालपर्यंत जाड लिंपली आणि वरून प्लास्टिक गुंडाळले, म्हणजे अल्कोहोलला आत शिरायला वेळ मिळतो. मग प्लास्टिक काढले की अल्कोहोल उडताना विरघळलेले तेल मातीकडे ओढून आणते; वाळलेली माती तपकिरी होऊन पापुद्र्यांनी गळून पडते. सर्वांत हट्टी ठरले ते बोंड, कारण त्याच्या माथ्यावर लाकडाचे उभे तंतू उघडे पडतात आणि तेल तेथून नळीतून उतरावे तसे खोल गेलेले असते. अंग कोरडे झाले तरी बोंड पाझरत होते. एकदा खांब दुपारी गच्चीवर राहिला आणि उन्हाने बोंडावर तेलाचे थेंब उभे राहिले, तेव्हा उपाय आपोआप सुचला : एरंडेल थंडपणी अतिशय दाट असते आणि तापले की झपाट्याने पातळ होते. आधी उन्हात तापवायचे, मग सावलीत आणून, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही याची खात्री करून लेप द्यायचा, हा क्रम ठेवल्यावर माती भराभर तेल पिऊ लागली. रंग किंचित उजळला आहे, पण काळसर झाक आणि गुळगुळीतपणा शाबूत आहे.

सामानाबद्दल दोन शब्द. हार्डवेअरच्या दुकानातील सुट्या स्पिरिटवर माझा आता विश्वास नाही. त्यात पाणी असले की एरंडेल नीट विरघळत नाही आणि लाखही पांढुरकी पडते. सीलबंद आयसोप्रोपिल महाग पडले तरी तेच घ्यावे. मुलतानी माती काष्ठौषधींच्या दुकानातून साधी घ्यावी. गुलाबाचा वास घातलेली सौंदर्यप्रसाधनाची पाकिटे या कामी निरुपयोगी आहेत.

एक आनंदाची बातमी सुतारकामाची. तळातून वर नेलेले भोक आणि मानेच्या मागून तिरपे पाडलेले भोक आत बरोबर एकमेकांना भेटले आणि तार पहिल्याच झटक्यात बाहेर आली. आता मानेमागून निघालेली पितळी दांडी वर वाकेल आणि तिच्या टोकाचा पाच वॉटचा एलईडी बोंडावर उजेड पाडेल. होल्डर बोंडावरच बसवायचा मूळ विचार मी सोडला आहे, कारण मल्लखांबाच्या डोक्याला भोक पाडणे जिवावर येते आणि दिव्याच्या उष्णतेने उरलेसुरले तेल पुन्हा वर येईल.

वरच्या पॉलिशसाठी मेणाचा हात देऊन थांबायचे, असे ही नोंद लिहायला बसेपर्यंत ठरलेले होते. हायड्रॉक्सिल गटाबद्दल लिहितानाच मात्र दुसरी कल्पना सुचली. दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमधील हार्डनरमध्ये, म्हणजे थर घट्ट करणाऱ्या भागात, आयसोसायनेट नावाचे रसायन असते आणि ते याच गटाशी जोडले जाते. एरंडेल हा पॉलियुरेथेन बनवण्याचा कच्चा मालच आहे. म्हणजे लाखेला जे तेल नासवते, तेच पीयूमध्ये बांधले जाण्याची शक्यता आहे. पीयूची प्लास्टिकसारखी चकाकी मला मुळीच आवडत नाही, त्यामुळे मॅट प्रकारच घेईन, फवारा न मारता कुंचल्याने लावीन आणि वाफेसाठीचा मास्क वापरीन. आधी तडकलेल्या भागातून कापलेल्या तुकड्यावर, हार्डनरचे प्रमाण नेहमीचे आणि किंचित वाढवलेले असे शेजारी शेजारी दोन पट्टे ओढून पाहणार आहे.

पीयू मानेपर्यंतच लावायचे, बोंड कोरे ठेवायचे, हेही आताच ठरवतो आहे. सरांना वाटले तर त्यांनी त्यावर एरंडेलाचा हात फिरवावा. घाई एवढ्यासाठी की आयसोसायनेट हवेतील बाष्पाशीही जोडले जाते आणि थरात बुडबुडे धरतात, आणि गुरुपौर्णिमा तर ऐन आषाढात आहे. पावसाळ्यात बंद खोलीत पीयू लावण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनी दोन हातांमध्ये किती वेळ सोडला ते अवश्य कळवावे. येथे आकाश आताच भरून आले आहे.