शास्त्रज्ञांमध्ये बसून केलेली पीएच.डी.

मी खानापूर तालुक्यातली. मानववंशशास्त्रात संशोधन करणार म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, जंगलातल्या एखाद्या समाजावर असेल. मला शास्त्रज्ञांवर करायचं होतं. ही वाट नवी नाही. फ्रेंच अभ्यासक ब्रुनो लातूर १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूट या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांचं काम पाहायला असेच जाऊन बसले होते.

बेळगावात औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेचे प्रमुख लगेच हो म्हणाले. वेळ लागला तो संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला. सॅम्पल किती, हायपोथिसिस काय? मी लिहून दिलं की मोजायचं काही नाही, शेजारी बसून काम पाहायचं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक संशोधनावर वेगळा विभाग आहे. या वाटेला जाणाऱ्यांनी तो आधी वाचावा, माझी फाईल त्याच्या आधारावरच पुढे सरकली.

संमतिपत्रं कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत केली. एरवी दुसऱ्यांच्या सह्या घेणारी ही माणसं आता स्वतः ओळ न् ओळ वाचत होती. ‘नाव बदललं तरी बेळगावात ओळखणारच की आम्हाला,’ एक मॅडम म्हणाल्या. खरंच होतं ते. म्हणून छापण्याआधी प्रत्येक प्रकरण त्यांना दाखवायचं ठरलं.

त्यांचं काम नरक्या या औषधी झाडावर होतं. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. पुढे ते आपल्या घाटातल्या नरक्यातही सापडलं. कर्करोगावरची टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही औषधं त्याच्यापासूनच बनतात. अर्कातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र म्हणजे एचपीएलसी; त्याच्या आलेखावर या द्रव्याचं टोक येईपर्यंत त्या मॅडम जागच्या हलत नसत. पण ते झाड रानात दाखवलं होतं आमच्याकडच्या एका मामांनी. ‘एवढं काय लिहूलालीस गं?’ असं मला विचारणारे तेच. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, कागदावर संग्राहक म्हणून मात्र मॅडमचं नाव.

हे मी प्रकरणात लिहिलं. मॅडमनी समासात उत्तर दिलं: ‘नरक्याची चोरटी तोड होते. मामांचं नाव लिहिलं तर उद्या चौकशी त्यांचीच होईल.’ हे मला सुचलंच नसतं. त्यांची टीप मी जशीच्या तशी प्रकरणात घेतली. तरीही नाव लिहायचं की नाही हे मामांनीच ठरवावं, असं मला वाटतं. पुढच्या आठवड्यात गावी जाऊन ती पानं त्यांना वाचून दाखवणार आहे. मॅडमही येणार आहेत.