कुंझुम उघडी आहे ना?

भाऊबीजेला दादाने ओवाळणीत स्पिती घातली. तिकिटं त्याची, फराळाचा डबा माझा, असा व्यवहार ठरला. शिमल्याकडून किन्नौरमार्गे वर चढायचं, काझाला तीन रात्री काढायच्या आणि मग कुंझुम खिंड ओलांडून मनालीला उतरायचं, असा बेत. नकाशावर हा छान वाटोळा प्रवास दिसतो. ऑक्टोबरअखेर त्यात मेख एकच, कुंझुम. उंची ४,५५१ मीटर. एकदा तिथे नीट बर्फ बसला की रस्ता थेट मे-जूनपर्यंत बंद. त्यामुळे रामपूर सोडल्यापासून दिसेल त्या चहावाल्याला आम्ही एकच प्रश्न विचारत होतो आणि उत्तरही एकच यायचं, "आज तो खुला है।"

त्यातलं 'आज तो' आम्ही सोयीस्करपणे गाळत होतो.

आकाश इतकं निळं असताना शंका तरी कोण घेईल? ताबोला नदीकाठचे पॉपलर आणि विलो पिवळेधमक, छरम्याची काटेरी झुडपं नारिंगी फळांनी लगडलेली. इसवी सन ९९६ मधला तिथला मातीचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, उन्हात निवांत बसलेला. माण-खटावच्या लोकांना पर्जन्यछाया म्हणजे काय ते सांगायला नको. स्पिती ही तीच गोष्ट, फक्त फार मोठ्या मापाची. मोसमी वाऱ्यांचं पाणी अलीकडचे डोंगरच पिऊन टाकतात. पलीकडे उरते ती कोरडी हवा, फुटलेले ओठ आणि नाकातून येणारं रक्त. फायदा म्हणाल तर एकच, घरून नेलेल्या चकल्या आठ दिवस कुडकुडीत राहिल्या. पुण्यात हे भाग्य नाही.

काझा साधारण ३,६५० मीटरवर. आमचं राहणं गावाबाहेर एका घरात होतं. घरच्या आजींना सगळे 'आमा' म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. छताच्या कडेने काटक्यांचे भारे आणि वाळला चारा रचलेला, कारण आता सहा महिने बाहेरून फार काही यायचं नाही. खालच्या खोलीत मधोमध पत्र्याची शेगडी, धुराडं थेट छतातून बाहेर. तिला तिथे तंदूर म्हणतात. मी पहिल्या रात्री रोटीची वाट बघत बसले आणि मिळाला थुक्पा.

दादाच्या फोनवर हवामानाची दोन अ‍ॅप. दोन्हींत 'काझा' म्हणून एकेक आकडा. आता काझापेक्षा कुंझुम नऊशे मीटरने उंच. हजार मीटर चढलं की पारा ढोबळमानाने साडेसहा अंश उतरतो, हवा कोरडी असेल तर आणखीच. म्हणजे काझाच्या बाजारात भुरभुर पाऊस असेल तेव्हा खिंडीत काय पडत असेल, ते त्या एका आकड्यात कुठून कळणार? हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू फराळाचं बघ."

मी एक वेगळंच यंत्र लावलं होतं. झोपताना प्यायच्या पाण्याची बाटली खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची. पहिल्या सकाळी ती ठणठणीत गोठलेली. दुसऱ्या सकाळीही तसंच. शिवाय दोरीवरचा पंचा काढायला गेले तर पापडासारखा ताठ. तिसऱ्या सकाळी बाटली हलवली तर आत पाणी डुचमळलं. गोठलेलं नाही! दादा खूश. "बघ, थंडी कमी झाली. आज खिंडीपलीकडचं चंद्रताल तळं बघून टाकू."

आमा तंदूरमध्ये लाकूड सरकवत होत्या. बाटलीकडे बघून म्हणाल्या, "आज ठंड कम है। ठीक नहीं है।"

बाहेर येऊन बघितलं तेव्हा उलगडा झाला. दोन रात्री आकाश निरभ्र होतं, म्हणून दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब सरळ वर निघून जात होती. तिसऱ्या रात्री ढग आले आणि त्यांनी खोऱ्यावर गोधडी पांघरली. रात्र उबदार झाली ती ढगांमुळे, आणि इथे या दिवसांत ढग म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तानावरून येणारी ही हवा. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेतून गार वारे सुटतात, त्यामागेही बऱ्याचदा हीच असते. हवामान खात्याने लाहौल-स्पितीच्या उंच भागांत बर्फाचा इशारा आदल्या दिवशीच दिला होता. खात्यावरचे विनोद ऐकत लहानाचे मोठे झालेले आम्ही, तो वाचायच्या भानगडीत पडलो नव्हतो.

ड्रायव्हरने वाद घातलाच नाही. तो बॅगा गाडीत टाकत होता, आणि गाडीचं तोंड ताबोकडे वळवून उभं होतं. दादाने समजावून पाहिलं, पैशाचंही बोलून झालं. त्यावर एवढंच आलं, "सर, अठरह में सितंबर में फँस गए थे।" सप्टेंबर २०१८ मध्ये अवेळी बर्फ पडून या जिल्ह्यात शेकडो माणसं अडकली होती, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. तो त्या वेळी खिंडीपलीकडे बातलला गाडीत झोपून राहिला होता. चंद्रतालचे तंबू तर एव्हाना गुंडाळूनही झालेत, हे त्याने जाता जाता सांगितलं. दादा मागच्या सीटवर जाऊन बसला.

निघताना आमांचा मुलगा नळाच्या पाइपातलं पाणी काढून टाकत होता. पाणी आत राहिलं तर गोठून फुगतं आणि पाइप फुटतो. आता वसंतापर्यंत पाणी बादलीने. आमांनी माझ्या हातावर याकच्या दुधाच्या वाळवलेल्या छुरप्याचे खडे ठेवले, मी त्यांना उरलेल्या चकल्या दिल्या. एक मोडून त्यांनी वास घेतला, खाल्ली आणि डबाच ठेवून घेतला. "जुले, जुले."

ताबोला रात्री नऊच्या सुमारास सुरू झालं. आवाज नाही, काही नाही. पाऊस असता तर पत्र्याने सांगितलं असतं. सकाळी अंगणात चार बोटं बर्फ आणि गाडीच्या टपावर त्याहून थोडा जास्त. ड्रायव्हरचा काझाला फोन झाला. कुंझुम बंद. कधी उघडेल, की आता उघडणारच नाही, याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

दादा बराच वेळ दारात उभा होता. मग खिडकीपाशी गेला, माझी बाटली उचलून कानाजवळ धरली आणि हलवली.

"पाणीच आहे," तो म्हणाला, "निघू या का लवकर?"

नाकोच्या अलीकडे मलिंग नाल्यावर दरडीचे दगड खाली येत होते, तिथे पाऊण तास थांबावं लागलं. कल्प्याला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता, आणि खोलीतल्या नळाला गरम पाणी होतं.