सहा हिस्टिडीनची शेपटी

एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला: प्रथिनाच्या साखळीत कोणत्या अमिनो आम्लाशेजारी कोणतं येतं? आम्लं 20, म्हणजे जोड्या 400. ल्युसिनचं प्रमाण साधारण 9.7 टक्के, ट्रिप्टोफॅनचं जेमतेम 1.1. दोघं निव्वळ योगायोगाने शेजारी येत असतील, तर 10,000 जोड्यांत ल्युसिन-ट्रिप्टोफॅन दहा-अकरा वेळा सापडावी. आकडा फारच वेगळा आला, तर शोधण्यासारखं काहीतरी आहे.

प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून, साखळ्या उतरवल्या, पायथॉनमध्ये मोजणी केली. हिस्टिडीन-हिस्टिडीन जोडी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त! रात्रभर मी कारणं जुळवत बसले. हिस्टिडीन झिंकला धरून ठेवतं, त्यामुळे असेल. सकाळी मॅडमनी एवढंच विचारलं, "ही जोडी साखळीत नेमकी कुठे येते, पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. फाइल उघडली, तर साखळीमागून साखळीची सुरुवात तीच: एम-जी-एस-एस, मग ओळीने सहा एच. एका अक्षराला एक आम्ल, एच म्हणजे हिस्टिडीन. ही शेपटी प्रयोगशाळेत जोडलेली. हिस्टिडीन निकेलला चिकटतं, म्हणून प्रथिन शुद्ध करायला ती मुद्दाम लावतात. एका शेपटीत पाच जोड्या, आणि मी त्या सगळ्या निसर्गाच्या खात्यावर मांडल्या होत्या.

मग स्विस-प्रॉट या प्रथिनांच्या नैसर्गिक क्रमांच्या संग्रहातल्या साखळ्या घेतल्या. एकमेकींशी फार साम्य असलेल्या गाळल्या, नाहीतर एकच प्रथिन शंभरदा मोजलं जातं. मॅडमनी आणखी एक सांगितलं, आणि मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं: प्रत्येक प्रथिनाची अक्षरं त्याच्यापुरतीच पत्त्यांसारखी पिसायची, पुन्हा मोजायचं, आणि खऱ्या क्रमाशी ताडून बघायचं. त्वचेत आणि हाडांत असणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनामध्ये जवळजवळ एक तृतीयांश ग्लायसिन असतं. त्याची अक्षरं नुसती पिसली तर तिथे ग्लायसिनच्या जोड्या भरपूर हव्यात. प्रत्यक्षात ग्लायसिन बरोबर दर तिसऱ्या जागी येतं, शेजारीशेजारी जवळपास नाहीच. तीन साखळ्यांचा पीळ बसतो तिथे आत ग्लायसिनएवढ्या लहान आम्लालाच जागा असते. हा तिहेरी पीळ मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1955 मध्ये मांडला होता.

पिसून झाल्यावर बहुतेक जोड्यांतला फरक अगदी थोडा उरला. मग शेजार सोडून अंतरं तपासली. पाण्यापासून दूर राहणारी आम्लं तीन आणि चार घरांच्या अंतरावर पुन्हा भेटत होती. अल्फा हेलिक्सच्या, म्हणजे साखळीच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळीच्या, एका वेढ्यात 3.6 आम्लं बसतात, त्यामुळे ती एकाच बाजूला येतात. आलेखावर ते दोन उंचवटे लहानसेच होते, पण पिसलेल्या साखळ्यांची रेघ तिथे सपाट होती.