तुम्ही विचारलंत म्हणून: ते जास्तीचे पैसे जातात कुठे?

विक्रीच्या टेबलामागे उभी असले की दिवसातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न येतो. कुणीतरी हातमागाचा स्टोल उचलतं, किमतीची चिठ्ठी उलटून बघतं आणि जरा आवाज खाली आणून विचारतं, "ताई, खरं सांगा, फेअर ट्रेड म्हणून जे जास्तीचे पैसे घेता ते विणणाऱ्याला मिळतात का?" फेअर ट्रेड म्हणजे माल करणाऱ्याला रास्त मोबदला देऊन केलेला व्यापार. विचारणाऱ्याच्या मनात शंका दोन असतात. आपल्याला फसवताहेत का, ही एक. आणि नाही घेतलं तर आपण वाईट ठरतो का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही ठरत. पहिलीला जरा वेळ लागेल.

कारागिरांकडून कपडा करून घेणाऱ्या एका छोट्या संस्थेचा हिशेब मी बघते. किंमत ठरवायचं काम अंगावर आलं तेव्हा वाटलं, त्यात काय एवढं! सूत, रंग, मजुरी, की झाली बेरीज. मजुरी काढायला घड्याळ घेऊन मागाशेजारी जाऊन बसले. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, फणीचा ठोका, पुन्हा धोटा. वीतभर कापडाला किती मिनिटं लागली ते टिपलं, लांबीने गुणलं आणि कागद विणकरकाकांपुढे धरला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "आणि ताणा काय आभाळातून पडतो?"

माग चालू होण्याआधी ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, लावायचा, एकेक धागा फणीतून ओवून घ्यायचा, यात माणसांचे दिवस जातात. हे मी धरलंच नव्हतं. मध्येच धागा तुटतो, तो शोधून गाठ मारायची. आणि कोपऱ्यात बसून दिवसभर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या त्यांच्या आई तर माझ्या कागदावर कुठेच नव्हत्या. सूत सरकून सरकून त्यांच्या बोटाला खाच पडली होती. मी त्या घरात कितीदा तरी गेले होते, खाच त्या दिवशी पाहिली. नवा कागद केला तेव्हा मजुरीचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. तुम्ही ज्याला जास्तीचे पैसे म्हणता त्यातला मोठा भाग हा असा आहे. काम आधीही होतच होतं, पण ते घरातल्यांनी फुकट करायचं असं गृहीत होतं.

तरी भाव ही निम्मीच गोष्ट. कोणताही विणकर भावाच्या आधी विचारतो, "आगाऊ किती?" सूत रोखीने घ्यावं लागतं आणि कापडाचे पैसे विकल्यावर येतात. मधले महिने काढायचे कसे? मग सूत उधार देणारा व्यापारी गाठायचा. उधारी त्याची म्हणून कापडही त्यालाच घालायचं, आणि भाव तो म्हणेल तो. बाजारात दुप्पट भाव चालू असला तरी या माणसाला त्याचा उपयोग शून्य, कारण त्याचं कापड विणायच्या आधीच विकलं गेलेलं असतं.

म्हणून वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन या फेअर ट्रेड करणाऱ्या संस्थांच्या जागतिक संघटनेच्या 10 तत्त्वांपैकी कुठलं महत्त्वाचं असं विचारलंत तर मी व्यवहाराबद्दलच्या तत्त्वावर बोट ठेवीन. हस्तकलेच्या मालाला, कारागिराने मागितल्यास, ऑर्डरच्या किमान 50 टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची, असं ते सांगतं. ऐकायला रुक्ष आहे, जाहिरातीत चांगलं दिसत नाही. पण ती निम्मी रक्कम हातात पडली की सूत रोखीने येतं आणि पुढचा भाव ठरवताना विणकराला 'नाही' म्हणता येतं.

हे नसलं की काय होतं तेही भोगलं आहे. सुरुवातीच्या काळात एका बड्या ग्राहकाची ऑर्डर आम्ही आगाऊ न घेता धरली. माल तयार झाल्यावर त्यांचं पत्र आलं, निळा रंग नमुन्यापेक्षा किंचित गडद आहे, सबब ऑर्डर रद्द. हाताने रंगवलेल्या सुतात तेवढा फरक पडणारच, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मला आजही वाटत नाही. गठ्ठे दीड वर्ष पडून होते. 2020 मध्ये मोठमोठ्या ब्रँडांनी करोनाचं कारण सांगून शिवून तयार असलेल्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा अडकवून ठेवल्या, तेव्हा लोक हादरले. मला ते निळे गठ्ठे आठवले. पैसे माल गेल्यावरच मिळायचे असतील तर सगळी जोखीम शिवणाऱ्याच्या डोक्यावर, हा त्या धंद्याचा रिवाजच आहे.

या चळवळीचं मूळ सांगताना लोक राणा प्लाझापासून सुरुवात करतात. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावरमध्ये कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची ती इमारत कोसळली, 1,100 हून अधिक माणसं गेली आणि "माझे कपडे कुणी शिवले?" हा प्रश्न जगभर विचारला जाऊ लागला. पण कारागिरांची गोष्ट जुनी आहे. 1946 मध्ये एडना रूथ बायलर ही अमेरिकन बाई पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम घेऊन घरी परतली आणि ओळखीपाळखीत विकू लागली. नंतर गाडीच्या डिकीत माल टाकून गावोगाव हिंडली. 'टेन थाउजंड व्हिलेजेस' ही दुकानांची साखळी त्यातूनच उभी राहिली. कारखान्याची निदान इमारत तपासता येते. माग घरात असला तर तपासनीस बघणार काय? त्याला मजुरीची वहीच बघावी लागते.

शिक्क्यांचा घोळही इथेच होतो. 'फेअरट्रेड' ही शिक्का देणारी वेगळी संस्था आहे. कापडावरची तिची कापसाची खूण प्रामुख्याने कापूस पिकवणाऱ्याबद्दल बोलते, शिवणारीला काय मिळालं ते तिच्यावरून कळत नाही. फेअरट्रेडने सुतापासून शिलाईपर्यंतच्या साखळीसाठी वेगळं मानक आणलं ते 2016 मध्ये. त्यात सहा वर्षांच्या आत जगण्यापुरतं वेतन द्यायची अट आहे. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन एकेका कपड्याऐवजी अख्खी संस्थाच तपासते. आणि ज्या चिठ्ठीवर नुसतं 'एथिकल' लिहिलेलं असतं, तिच्यावर छापण्याचा खर्च सोडून काहीही झालेलं नसू शकतं.

यातून सगळ्या कारागिरांचं भलं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्यासारख्यांकडे ऑर्डरी थोड्या असतात. एका हंगामात लोकांना गवती हिरवा हवा असतो, पुढच्या हंगामात तो कुणी हातात धरत नाही. एकाच संस्थेवर विसंबलेला विणकर ती संस्था बुडाली की पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारात जातो. आम्ही स्वतःच विणकरांना सांगतो की दुसरं गिऱ्हाईकही धरून ठेवा. एका वर्षी त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आमची ऑर्डर सहा आठवडे लांबली.

कांड्यांचे पैसे आता आजींच्या नावावर वेगळे लागतात. अंगठा देण्याआधी त्या कांड्या स्वतः मोजतात, घाई केलेली त्यांना खपत नाही. गेल्या महिन्यात माझ्या वहीत आणि त्यांच्या मोजणीत चार कांड्यांचा फरक आला. पुन्हा मोजल्या, तर त्यांचाच आकडा बरोबर निघाला.